आडवं पडायचं नाही

ते साल दोन हजार सोळा. नवऱ्याच्या मेंदूत गुठळी अडकली, त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. इस्पितळाच्या खिडकीमागे त्या दिवशी एक नवी मुलगी बसली होती. तिनं त्याचं वय विचारलं, चौसष्ट लिहून घेतलं, मग मान वर करून हिच्याकडे पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "तुम्ही यांच्या मोठ्या बहीण ना?" ती अठ्ठावन्न वर्षांची होती. "नाही," ती म्हणाली, "बायको." मुलीनं जीभ चावली. "सॉरी हं काकू, चेहऱ्यात साम्य वाटलं म्हणून." चेहऱ्यात काडीचंही साम्य नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला आपल्याविषयी काहीतरी चाललंय एवढं कळलं, त्याला आनंद झाला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवून तो म्हणाला, "चला."

"चला" हा एकच शब्द त्याच्याकडे उरला होता. भूक लागली की चला, दुखलं की चला, सकाळी डोळे उघडले की छताकडे बघून चला. बाकीचे सगळे शब्द त्या एका रात्रीत वाहून गेले, आणि दुसऱ्यांचे शब्दही त्याच्यापर्यंत पोचेनासे झाले. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं होतं की कान ठणठणीत आहेत, पण आपण बोलतो ते त्यांना परक्या देशातल्या रेडिओसारखं ऐकू येतं. चेहरा मात्र त्याला कळायचा. बोलायला शिकवायला जो तरुण घरी यायचा, किडकिडीत, मोठ्या कानांचा, त्याला ती दोघं आपसात मास्तर म्हणत. म्हणजे ती म्हणायची. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "ताई, शब्द सोडा. तुमचं तोंड हेच आता त्यांचं वर्तमानपत्र. जरा नाटकी व्हा." आयुष्यभर नाटकीपणाचा तिला तिटकारा. पण शिकली. भुवया वर गेल्या की 'हवं का?', भुवयांच्या मध्ये आठी पडली की 'नको, हात लावू नका', आठीबरोबर मान हलली की 'आत्ताच्या आत्ता थांबा'. अख्खं घर तिच्या कपाळावर चालत होतं. गॅस, जिना, इस्त्री, औषधाचा डबा, दाराची कडी, या सगळ्यांच्या आणि त्याच्या मध्ये फक्त ते चार बोटांचं कपाळ उभं होतं, आणि संध्याकाळी ते असं दुखायचं की जणू दिवसभर त्यावर पाण्याची कळशी वाहिली आहे.

इस्पितळातून परतल्यावर ती त्याला न्हाणीघरात आरशासमोर उभं करून त्याचं तोंड पुसत होती, तेव्हा तिला दोन्ही चेहरे एकत्र दिसले. त्याचं कपाळ नितळ होतं. आजारापूर्वी हाच माणूस जगाचा घोर घेऊन फिरायचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा, आणि कुठल्या तरी गल्लीत नळाला दाब कमी येतोय म्हणून घरी जेवणाच्या ताटावर आठ्या घालून बसायचा. "अहो, त्या गल्लीतल्या लोकांना झोप लागली असेल, तुम्ही का जागताय?" असं ती म्हणायची. आता त्याला ना गल्ली आठवत होती ना दाब. त्याच्या कपाळावरचं सगळं बिऱ्हाड उठून तिच्या कपाळावर राहायला आलं होतं, भाडंही न देता. मोठी बहीण. त्या मुलीचं काय चुकलं?  राग नव्हता आला. फक्त इतका थकवा आला की हातातला ओला रुमाल पिळायचंही तिच्या जिवावर आलं.

ती चष्म्याच्या दुकानात होती, लग्नाच्या आधीपासून. पस्तीस-छत्तीस वर्षं माणसांचे चेहरे वीतभर अंतरावरून बघणं हाच तिचा धंदा. कुणाचं नाक कुठं बसकं आहे, कुणाचा उजवा कान डाव्यापेक्षा वर आहे, कुणाच्या कानामागे काडी रुतते, हे तिला माणूस खुर्चीवर बसायच्या आत कळायचं. नवराही तिला तिथेच भेटला होता. त्याच्या नाकावर छोटी पट्टी धरून, एक डोळा मिटून ती दोन बुबुळांमधलं अंतर मोजत होती, तेव्हा हा अतिशय गंभीरपणे म्हणाला, "हे अंतर लग्नानंतर बदलतं का हो?" ती म्हणाली, "नाही, पण नंबर वाढतो." त्यानंतर तो दर आठवड्याला फ्रेम सैल झाली म्हणून यायला लागला. स्क्रू तो स्वतःच सैल करायचा, नखानं; स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असायचे, आणि तिला ते दिसायचे, आणि ती काही न बोलता पिळून द्यायची. इतक्या चेहऱ्यांसमोर आरसा धरला, पण त्या आरशाची पाठ तेवढी तिच्या वाट्याला आली होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांच्या वाचायच्या चष्म्याची नाकावरची गादी निसटली होती. ती बसवून देताना नेहमीप्रमाणे "काही टोचत नाही ना?" असं तिनं विचारलं, आणि डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मला नाही टोचत. तुम्हाला मात्र थोडं टोचावंसं वाटतं. या दोन उभ्या रेघा आहेत ना, त्यांच्यामुळे तुम्ही कायम भांडून आल्यासारख्या दिसता." एरवी तिनं हसून सोडून दिलं असतं. पण त्या आठवड्यात ती मोठी बहीण होती.

दहा मिनिटांचं काम निघालं. कपाळावर थंडगार काहीतरी फिरवलं, मग बारीक सुईनं पाच-सात ठिकाणी मुंगी चावावी तसं केलं, आणि झालं. मग डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजत पढवायला घेतलं. "आज काहीच फरक दिसणार नाही, म्हणून फसवलं असं वाटून घेऊ नका. दोन-चार दिवसांनी रेघा विरायला सुरुवात होईल, पंधरवड्यात पुरत्या जातील. फुगलेले ठिपके तासाभरात जातील, एखादा निळा डाग राहिला तर तोही जाईल. डोकं दुखेल, कपाळ जड वाटेल, घाबरायचं नाही. आज कपाळ चोळायचं नाही, गरम पाण्यानं आंघोळ नाही, खाली वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे चार तास आडवं पडायचं नाही."

"डॉक्टर," ती म्हणाली, "दीड वर्ष मी तेच करतेय."

डॉक्टरीणबाई मोठ्यांदा हसल्या. तिनं विनोद केला नव्हता.

"आणि किती टिकतं?"

"तीन-चार महिने. मग सगळं पहिल्यासारखं. आवडलं तर परत यायचं, नाही आवडलं तर आपोआप विसरायचं. यात कायमचं काही नसतं."

घरी आली तेव्हा नवऱ्याला सांभाळायला येणाऱ्या मावशी निघायच्या घाईत होत्या. "काय हो ताई, डास चावले की काय इतके?" "हो ना," ती म्हणाली, "दुकानात फार झालेत." नवऱ्याला फिरायला न्यायची वेळ झाली होती आणि बुटांच्या नाड्या बांधायच्या होत्या. वाकायचं नाही, म्हणून ती ताठ मानेनं उकिडवी बसली, डोळे समोरच्या भिंतीवर, आणि चाचपडत नाड्या बांधू लागली. त्याला हे नवीन वाटलं. त्यानं हात पुढे केला आणि तिच्या कपाळावर तळवा ठेवला. हे तो पूर्वीही करायचा; ती चिडली की अंगठ्यानं दोन्ही भुवयांच्या मध्ये घासायचा आणि म्हणायचा, "ही इस्त्री करून टाकू." तिनं झटक्यानं डोकं मागे घेतलं. चोळायचं नाही. त्याचा हात हवेत राहिला. तो हाताकडे बघत होता, त्या हातानं काही सांडलं-लवंडलं का, असं. "अहो, तसं नाही," ती म्हणाली. पण तो रेडिओ परक्या देशातला होता. त्या संध्याकाळी ती खुर्चीत ताठ बसून राहिली. पलंग समोर होता, त्यावरची चादर एका बाजूला ओढली गेली होती, उशीला तिच्या डोक्याचा खळगा होता, आणि तिला वाटलं की आपण बायका किती वेड्या असतो, थकलेलं दिसू नये म्हणून चार तास न झोपता बसून राहतो.

पहिले दिवस तसेच गेले. डोकं थोडं दुखलं, बस. मग एका सकाळी तोंड धुताना तिच्या लक्षात आलं की पाण्याचा हबका बसला तरी कपाळ दचकलं नाही. ते तिथं होतं, बोटांना लागत होतं, पण दुसऱ्या कुणाचं तरी आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखं. रेघा गेल्या होत्या. आरशात एक बाई होती, जिला चांगली झोप लागली होती. दुकानाचे मालक म्हणाले, "ताई, सुट्टी न घेताच कुठं जाऊन आलात? एकदम टवटवीत! मग आता संध्याकाळीही थांबायला हरकत नाही, नाही का?" आणि ती हो म्हणून बसली, कारण नाही म्हणताना जो चेहरा लागतो तो होईचना. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज दूध वर आणून द्यायच्या, कधी तासभर नवऱ्याजवळ बसायच्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला आता बघून बरं वाटतं हो. मध्ये अगदी ओढल्यासारख्या दिसायचात." आणि दूध आणणं हळूहळू थांबलं. वाईट हेतूनं नव्हे. गरज दिसेना, म्हणून. तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की इतके दिवस तो ओढलेला चेहराच तिच्या वतीनं सगळीकडे रदबदली करत होता. ती स्वतः तोंडानं कधी काही मागत नव्हती. मागायचं काम त्या दोन रेघा करत होत्या, आणि तिनं त्यांनाच कामावरून काढून टाकलं होतं. थकवा जागच्या जागी होता, पिंडऱ्यांत, खांद्यांत, डोळ्यांच्या खोबणीत. त्याच्यावर फक्त कुणीतरी स्वच्छ धुतलेला अभ्रा चढवला होता.

मग किटलीचं झालं. ती भाजी चिरत होती, तो ओट्याशी आला आणि त्यानं उकळत्या पाण्याची किटली उचलली. "नको, ठेवा ते," ती म्हणाली. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, अगदी वाट बघून पाहिलं, हे तिला नंतर पुन्हापुन्हा आठवलं. मग तो हसला, "चला" म्हणाला, आणि पाणी कपात ओतायला गेला तो डाव्या हातावर. फोड आले, फार खोल नाही. तो ओरडलाही नाही. फक्त भाजलेला हात छातीशी धरून तिच्याकडे असं बघत राहिला, जणू आपल्याला कुणी खोटं सांगितलं आहे. त्यानंतर तो जिन्यावर एकटा गेला. त्यानंतर गरम इस्त्रीला हात. ती "नको, नको" ओरडत मागून धावायची, आणि तो वळून तिच्या चेहऱ्याकडे बघून निश्चिंत व्हायचा. मास्तरनं चाचणी घेतली. पद्धत अशी होती की घरातलं जे माणूस त्याला सगळ्यांत जास्त कळतं, त्यानं समोर बसून सूचना द्यायच्या, म्हणजे ताईनं. आणि मास्तर त्याच्या पाठीमागे बसून तो काय उचलतो ते टिपायचा, आपल्या चेहऱ्याचा आधार त्याला मिळू नये म्हणून. कप द्या, किल्ली नको, चमचा द्या. मागच्या खेपेला त्याला निम्म्याहून जास्त जमलं होतं. या खेपेला त्यानं जे हाताला लागेल ते उचलून दिलं आणि प्रत्येक वेळी शाबासकीची वाट बघितली. मास्तरचे मोठे कान लाल झाले. "ताई, हे घसरलंय," तो हळू म्हणाला. "आत पुन्हा काही छोटं घडलं असेल. तुमच्या मुलीला कळवायला हवं."

मुलगी दुसऱ्या शहरातून दोन दिवसांची रजा काढून आली. दारातच आईला बघून तिनं बॅग खाली ठेवली. "आई! मला वाटलं तू अगदी मोडली असशील. तू तर काय दिसतेयस!" मग बाबांचा हात बघितला आणि तिचे डोळे भरले. मुलगी गुणी होती, हिशेबी नव्हती. फक्त तिला सगळं लवकर व्हायला हवं असायचं. शहराबाहेर एक केंद्र होतं, अशा माणसांना कायमचं ठेवून घेणारं, स्वच्छ, बागबिग असलेलं. तिथली व्यवस्थापकबाई येऊन बघून जाणार होती, की त्यांनी ठेवून घ्यावं इतकं समजणं कमी झालंय का. "तुझ्यासाठी नाही गं म्हणत मी," मुलगी म्हणाली, "तू तर खंबीर आहेस, दिसतंयच. बाबांसाठी. त्यांना आता घरात धोका आहे." तुझ्यासाठी नाही. हे वाक्य तिनं चहाबरोबर गिळलं.

मुलगी परत गेली त्याच दुपारी दुकानात एक म्हातारी गिऱ्हाईक आली, नव्या चष्म्याच्या काड्या सरळ करून घ्यायला. तिनं तो म्हातारीच्या कानांवर चढवला आणि नेहमीसारखं विचारलं, "जड वाटतोय." म्हातारी गप्प. "कानामागे रुततोय," ती म्हणाली. म्हातारीनं चष्मा काढला आणि तिच्याकडे रोखून बघितलं. "बाई, तुम्ही मला विचारताय की मला सांगताय? चष्मा माझ्या कानावर आहे ना?" ती हसली, "विचारतेय हो आजी," म्हणाली. म्हातारी गेल्यावर तिनं गिऱ्हाइकांचा हातआरसा उचलला, यावेळी समोरून धरला, आणि त्यात बघून म्हणाली, "नको." पुन्हा म्हणाली, "नको! हात लावू नका!" आरशात एका बाईचं तोंड हलत होतं, जोरानं हलत होतं, आणि तोंडाच्या वर, डोळ्यांच्या वर, ती बाई एखादं आवडतं गाणं ऐकत असल्यासारखी शांत होती. तिनं आरसा पालथा ठेवला. स्टुलावर बसली. मेंदूत पुन्हा काही घडलं नव्हतं. नवरा जसा होता तसाच होता. तो अजूनही रोज, दर क्षणी, तेच वर्तमानपत्र वाचत होता. फक्त त्यावर आता छापून येणं बंद झालं होतं.

उठून लगेच फोन करायला हवा होता, मुलीला, मास्तरला. तिनं केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आधी वाटलं लाज आहे: नवरा असा, आणि ही बाई सुरकुत्या काढत बसली, म्हणतील. लाज होतीच. पण लाजेच्या खाली हात घातल्यावर आणखी एक गोष्ट हाताला लागली, आणि ती लाजेसारखी गरम नव्हती, चांगली गार होती, उन्हाळ्यातल्या फरशीसारखी. ती काही बोलली नाही, तर व्यवस्थापकबाई येईल, हो म्हणेल, आणि नवरा जाईल. कुणी तिला बोल लावणार नाही. चाचणीचा निकाल आहे, भाजलेला हात आहे, मुलीची इच्छा आहे. इंजेक्शनाचा असर मग उतरेल, कपाळ आपोआप पहिल्यासारखं होईल, आणि कुणालाच काही कळणार नाही. दार लावून घेता येईल. कडी न बघता झोपता येईल. कुशीवर झोपता येईल, पाठ दाराकडे करून. दीड वर्षात ती दाराकडे पाठ करून झोपली नव्हती. तिला स्वतःची आई आठवली, जी आजारी सासऱ्याचं सगळं करताना एकदा मोरीत भांडी घासता घासता राख माखल्या हातांनी थांबली होती आणि कुणालाच उद्देशून नव्हे अशी म्हणाली होती, "देवा, यांचं किंवा माझं, काहीतरी कर." तेव्हा लहान असून तिला आईचा राग आला होता. मग आजोबा गेले, आणि आई इतकी रडली की सगळे म्हणाले, सून असावी तर अशी. आई खोटं रडली नव्हती. तिला आता कळत होतं की दोन्ही खरं असू शकतं, आणि खरेपणानं थकवा तसूभरही कमी होत नाही. ती नवऱ्याच्या हाताची पट्टी बदलायची, तो विश्वासानं हात पुढे करायचा, आणि ती मनात म्हणायची, आज सांगते. मग म्हणायची, झोपून उठले की सांगते.

व्यवस्थापकबाई आली ती सगळ्यांनाच आवडली. जाड, हसरी, दम लागलेली. मुलगी पुन्हा रजा काढून आली होती, मास्तरही आला होता. बाईनं नवऱ्याशी हात मिळवला, त्याची फुलं काढलेली टोपी छान आहे म्हणाली, मग बागेचे, खोल्यांचे, जेवणघराचे फोटो त्याच्यासमोर टेबलावर मांडले. तो फोटोंकडे बघेना. तो त्या अनोळखी बाईकडे बघत होता, दाराशी ठेवलेल्या रिकाम्या बॅगेकडे बघत होता, आणि त्याच्या श्वासाची लय बदलली होती, हे फक्त तिला कळलं. मग ज्याच्यासाठी तो नेहमी वळायचा त्यासाठी तो वळला. भिऊ का, असं त्यानं तिच्या चेहऱ्याला विचारलं.  तिनं सगळा जीव कपाळात आणला, ते आत कुठेतरी खेचलं गेलं, दुखलंही; पण वरचं काहीच हललं नाही. त्यानं तो नितळ, शांत, चांगली झोप झालेला चेहरा वाचला. त्याचे खांदे सैल झाले. त्यानं बाईकडे बघून मान डोलावली, आणि म्हणाला, "चला."

"अरे वा," बाई म्हणाली, "हे तर तयारच आहेत."

"थांबा," ती म्हणाली. आवाज चढला असावा, कारण मुलीनं दचकून पाहिलं. "त्यांना सगळं समजतंय. जेवढं आधी समजायचं तेवढंच. माझं कपाळ बंद आहे."

"म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"इंजेक्शन घेतलंय. सुरकुत्यांचं. दुकानाच्या वरती."

मुलीचं तोंड उघडं राहिलं, मग तिला हसू फुटलं, मग ते तोंडातच मोडलं. "आई, तू? तुला कशाला... अगं मग इतके दिवस का नाही बोललीस? मी रात्ररात्र रडले आहे!"

 मास्तर पाठीमागून उठला, नवऱ्यासमोर येऊन बसला, आणि टेबलावर कप, किल्ली, चमचा मांडले. भुवया उंच करून त्यानं कप मागितला. मिळाला. आठ्या घालून किल्ली नाकारली. नवऱ्यानं किल्लीवरचा हात मागे घेतला. मास्तरनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं. "कपाळ माझं," तो म्हणाला. "मी पाठीमागे बसून तुमच्याकडे बघितलंच नाही, ताई. मी फक्त त्यांच्याकडे बघत होतो."

"सगळेच," ती म्हणाली.

व्यवस्थापकबाईनं फोटो गोळा करायला घेतले. "मग प्रश्नच मिटला. आनंदाची गोष्ट आहे. घरीच राहू देत."

आता सगळे हसत होते, सुटल्यासारखे. मुलगी बाबांच्या गळ्यात पडली होती. इथे गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. उलट तेच शोभलं असतं. ती म्हणाली, "नाही. फोटो ठेवा."

"आई?"

"ते ठीक आहेत. तरी त्यांना न्या. दोन महिने, तीन महिने, किती ठेवाल तितके. त्यांच्यासाठी नाही. माझ्यासाठी. मला झोपायचंय." तिनं फोटो स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतले. "मी दमले आहे. हे आता माझ्याकडे बघून कळणार नाही, म्हणून तोंडानं सांगतेय. मी इतकी दमले आहे की गप्प बसून त्यांना वेडं ठरवणार होते मी."

मुलगी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, आणि त्या चेहऱ्यावर आई जे म्हणत होती त्याचा मागमूसही शोधून सापडेना तेव्हा तिला फक्त शब्दांवर विश्वास ठेवावा लागला. ते तिला जड गेलं. पण ठेवला.

जायच्या दिवशी पेच पडला तो निराळाच. त्याला सांगायचं कसं? न सांगता न्यायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. सांगायला चेहरा नव्हता. शेवटी ती मास्तरला म्हणाली, "माझ्या वतीनं तुम्ही करा." मास्तर बिचारा तिच्याशेजारी, तिच्या खांद्याला खांदा लावून बसला. ती बोलत होती, "मी दमले हो. काही दिवस तुम्ही तिकडे राहा. मी येत जाईन," आणि तो किडकिडीत पोरगा बाजूला बसून तिच्या प्रत्येक वाक्याला तोंड करत होता: ओठ पाडत होता, भुवया वाकड्या करत होता, आणि मध्येच कधीतरी त्याचं नाटक संपून खरोखर नाक ओढायला लागला. दुसरी कुणी बघती तर पोट धरून हसली असती. नवरा मास्तरकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग पुन्हा मास्तरकडे, कुठला चेहरा कुणाचा ते जुळवत. मग त्यानं तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटसुलट करून बघितले. ते थरथरत होते. त्या हातांकडे बघतच तो उठला आणि गाडीत जाऊन बसला. त्या दिवशी तो "चला" म्हणाला नाही.

पहिला आठवडा ती नुसती झोपली. नंतर एक दिवसाआड जाऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मोसम बदलता बदलता रेघा परत आल्या, एक थोडी आधी, एक मागून, आणि तो घरी आला. डॉक्टरीणबाईंनी पुढे मोठ्या इमारतीत दवाखाना थाटला, त्यांचा चष्मा अजून हिच्याकडूनच नीट व्हायचा, आणि "येताय का परत?" असं त्या गमतीनं विचारायच्या. दुकानाच्या मालकांनी तिला संध्याकाळची सुट्टी परत दिली, कुरकुरत. खालच्या काकूंना तिनं स्वतः जाऊन दूध आणून द्याल का म्हणून विचारलं, त्या म्हणाल्या, "अहो, आधीच नाही का सांगायचं!" मावशी मुलाकडे राहायला गेल्या. मास्तरनं चाचणीची पद्धत बदलली. आता तो आधी घरच्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघतो, मगच रुग्णामागे जाऊन बसतो, आणि का ते कुणाला सांगत नाही. मुलीनं चाळिशी ओलांडल्यावर स्वतःच ती इंजेक्शनं घेतली आणि आईला फोटो पाठवला. आईनं उत्तर पाठवलं, "छान. आता काही दुखलंखुपलं तर फोन करून सांग, मला दिसायचं नाही."

नवरा त्यानंतर चार वर्षं जगला. दरवर्षी उन्हाळ्यात दोन महिने केंद्रात जायचा, आणि त्यात कुणालाच काही वाटेनासं झालं. पण तिच्या चेहऱ्यावर त्याचा पूर्वीसारखा भरवसा कधी बसला नाही. रेघा होत्या, आठ्या होत्या, सगळं जागच्या जागी आलं होतं. तरी गॅसजवळ, जिन्यावर, औषध घेताना तो आधी तिच्या तोंडाकडे पाहायचा आणि मग नजर खाली नेऊन तिचे हात तपासायचा. ती ते समजून हात मोकळे, दिसतील असे ठेवायची. गेला तो दुपारी, झोपेत. ती शेजारच्या खोलीत झोपली होती, कुशीवर, आणि त्याबद्दल तिनं स्वतःला दोष दिला नाही. निदान लोकांसमोर तरी नाही.

ती अजून आहे. दुकान सोडलं. कुणी "कशा आहात?" विचारलं की "बरी आहे" म्हणायची तिची सवय मात्र मोडली. ती जे असेल ते सांगते, सावकाश, सविस्तर, गुडघ्यापासून सुरुवात करून. त्यामुळे हल्ली लोक वेळ काढूनच विचारतात.